तागडी खरी हवी: ख्रिस्ती शाळेत रसायनशास्त्र शिकवताना

प्रश्न असा आहे: "मी यंदा जूनपासून पुण्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मी स्वतः ख्रिस्ती आहे. संस्थेच्या बैठकीत आम्हाला सांगितलं की प्रत्येक विषय ख्रिस्ती दृष्टिकोनातून शिकवा. भाषेत, इतिहासात ते कसं करायचं हे सुचतं. रसायनशास्त्रात काय करू? पाठ सुरू करण्याआधी बायबलमधलं एक वचन वाचू का? वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत."

वचन वाचू नका, हे आधी सांगून टाकते. मला वचनाची लाज वाटते असं नाही. मी रोज सकाळी वाचते, आणि शाळेच्या प्रार्थनेत ते वाचलं जातंच. पण फळ्याच्या कोपऱ्यात वचन लिहून खाली 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' सुरू केलं म्हणजे पाठ ख्रिस्ती झाला, असं होत नाही. पहिल्या आठवड्यात मुलं ते वाचतात. दुसऱ्या आठवड्यापासून त्याची अवस्था तारीख-वारासारखी होते, आणि वचनाची तशी अवस्था झालेली मला बघवत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या कलम 30 नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. पण कलम 28 सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. विज्ञानाचा तास सक्तीचा असतो, त्यातून उठून जायची मुलाला सोय नसते. म्हणून तो उपदेशासाठी वापरायचा नाही. मी हे कायद्याच्या धाकानं पाळत नाही. एखाद्या आईनं विश्वासानं मूल माझ्या हवाली केलं असेल, तर तिच्या पाठीमागे मी जे करीन ते तिच्यासमोरही करता आलं पाहिजे.

मग ख्रिस्ती दृष्टिकोन जातो कुठे? एकतीस वर्षं शिकवून माझं उत्तर असं झालं आहे की तो तागडीत जातो. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाची सुरुवातच त्यानं होते: खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, खरं वजन त्याला आवडतं. आणि रसायनशास्त्र हा मुळात तागडीचा विषय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं अभिक्रियेच्या आधी आणि नंतर काळजीपूर्वक वजनं केली, म्हणून हा विषय किमयागारांच्या हातून सुटला. आपल्या शाळांमधल्या प्रयोगशाळांत रोज काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. मुलाला 'यायला हवं ते' उत्तर आधीच ठाऊक असतं आणि तो तेच लिहितो. अकरावी-बारावीला तर अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) तीन रीडिंगं एकसारखी यावीत म्हणून पहिलंच रीडिंग तीनदा लिहून सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, काढतात. दुसऱ्यांदा ब्युरेट भरलेलीच नसते.

एक प्रयोग तपशिलात सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलं आहे.

वस्तुमान अक्षय्यतेचा नियम दाखवायला आपण खायचा सोडा आणि व्हिनेगर घेतो. लहान प्लॅस्टिकच्या बाटलीत साधारण 50 मिलिलीटर व्हिनेगर, फुग्यात दोन ग्रॅम सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवायचा आणि सगळं मिळून वजन करायचं. मग फुगा उचलून सोडा आत पाडायचा. फसफसतं, फुगा फुगतो, पुन्हा वजन. काहीच बाहेर गेलेलं नाही, तेव्हा वजन तेवढंच यायला हवं.

ते तेवढं येत नाही. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर सहा-सात दशांश ग्रॅम कमी दिसतं. पहिल्या पाच-सहा वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण सगळ्या जर्नलांत दोन्ही वजनं सारखी असायची आणि मी सही करत होते. मग एका वर्षी एका मुलीच्या जर्नलात 'नंतरचे वजन' या रकान्यात करडा डाग दिसला. खोडरबरानं खोडलेलं होतं, आणि त्यावर पहिल्याच आकड्याची नक्कल होती. वही उजेडाकडे तिरकी धरली तर खालचा आकडा दिसत होता, 0.6 नं कमी. मी विचारलं, "आधी काय आलं होतं?" ती रडवेली झाली. "बाई, माझं चुकलं होतं." मी म्हटलं, "चल, परत करू."

परत केलं, 0.6 नं कमी. फुग्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं, गळती नाही. प्रयोगशाळेतल्या मामांनी दुसरा काटा काढून दिला, त्यावरही तेच. दोन दिवस मी त्याच विचारात होते. उत्तर सापडलं ते आर्किमिडीजकडे. दोन ग्रॅम सोड्यातून जेमतेम एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, पण तो जागा व्यापतो सहाशे मिलिलीटरच्या आसपास. फुगलेला फुगा बाहेरची तेवढी हवा बाजूला सारतो. पुण्याच्या उंचीवर एक लीटर हवेचं वजन साधारण 1.1 ग्रॅम. म्हणजे हवाच फुग्याला सहा-सात दशांश ग्रॅमनं वर उचलते आणि काट्याला तेवढं कमी दिसतं. वस्तुमान जसंच्या तसं आहे.

पडताळा सोपा आहे. फुग्याऐवजी कोल्ड्रिंकची रिकामी, जाड प्लॅस्टिकची अर्ध्या लीटरची बाटली घ्या. सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत टाका, झाकण लगेच घट्ट लावा, आणि मग बाटली हलवा. दाब वाढतो पण आकारमान जवळजवळ वाढत नाही, आणि काटा हलत नाही. सोडा दोन ग्रॅमच्या वर घेऊ नका, काचेची बाटली मुळीच वापरू नका, साध्या पाण्याची पातळ बाटलीही नको, आणि डोळ्यांना चष्मे हवेत. वजन झालं की झाकण हळूहळू सैल करायचं.

त्या मुलीनं खोडलेला आकडा खरा होता. त्या आकड्यात नववीच्या आख्ख्या वर्गाला पुरेल एवढं भौतिकशास्त्र होतं आणि आम्ही सगळे मिळून तो दरवर्षी पुसत होतो. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत खोडरबर नाही. पेननं लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण. गुण रीडिंग जुळण्याला नाहीत. जे दिसलं ते लिहिलं का आणि न जुळलेल्याचं कारण शोधलं का, याला आहेत. ख्रिस्ती मुलगा असो, मुसलमान असो, बौद्ध असो, हा नियम कुणाला परका वाटत नाही. मी तो का पाळते हे कुणी विचारलं तर मी सरळ सांगते की सृष्टी देवाची आहे असं मी मानते, आणि त्याच्या कामाविषयी खोटी साक्ष द्यायची मला मुभा नाही. विचारलं तरच सांगते.

याच प्रयोगाचा एक धागा बायबलात आहे. तुमच्या संडे स्कूलला तो उपयोगी पडेल. नीतिसूत्रे 25:20 मध्ये म्हटलं आहे की खिन्न माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे सोड्यावर शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतण्यासारखं आहे. मूळ हिब्रू शब्द 'नेतेर' म्हणजे इजिप्तमध्ये तळ्यांच्या काठी मिळणारा नैसर्गिक सोडा, त्यात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट. शिरक्यातलं आम्ल पडलं की तो फसफसून निकामी होतो. जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'नायटर' आहे. आज नायटर म्हटलं की सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि सोऱ्यावर शिरका ओतला तर काहीच घडत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरात तर सोड्याच्या जागी जखम आहे. म्हणजे वचनावरून प्रयोग करून दाखवायचा असेल तर आधी मूळ शब्दापर्यंत जावं लागतं. पंडिता रमाबाईंनी आपल्या इथे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि सगळं बायबल मराठीत आणलं. 1922 साली मृत्यूच्या थोडंच आधी ते काम संपवलं. त्या मेहनतीचं थोडं तरी ऋण आपण फेडावं असं मला वाटतं. वर्गात हे वचन मी एखाद्या वर्षी सांगते, एखाद्या वर्षी नाही. सांगितलं तर जुन्या ग्रंथातली सोड्याची नोंद म्हणून, एका वाक्यात.

'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' हे वचन घेऊन ख्रिस्ती मुलं हमखास विचारतात, "बाई, मिठाचा खारटपणा जाईल कसा? सोडियम क्लोराईड तर स्थिर असतं." प्रश्न बरोबर आहे. शुद्ध मिठाचा खारटपणा जात नाही. पण त्या काळी मृत समुद्राच्या काठचं मीठ बरंच अशुद्ध असे. ओल लागली की विरघळणारं सोडियम क्लोराईड वाहून जाई आणि जिप्समसारखा बेचव गाळ मागे राही. दिसायला पांढरं, चवीला काही नाही. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं ते आपल्या मुलांनी पाहिलेलं असतं, तिथून सुरुवात करता येते.

आता दोन खोट्या पुराव्यांविषयी. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पहिला मेणबत्तीचा. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी चढतं, आणि आपण सांगतो की चढलेलं पाणी एक पंचमांश, म्हणजे तेवढा ऑक्सिजन संपला. मीही वर्षानुवर्षं असंच सांगितलं. ते चूक आहे. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ग्लास ठेवताना आतली हवा तापून पसरलेली असते, काही बुडबुड्यांनी बाहेर जाते, आणि ज्योत विझल्यावर राहिलेली हवा गार होऊन आकुंचन पावते. पाणी मुख्यतः त्यामुळे चढतं. एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवा, पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन तर तेवढाच होता. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण खरोखर दाखवायचं असेल तर ओल्या परीक्षानळीत आतून लोखंडाचा कीस चिकटवा आणि ती पाण्यात उपडी ठेवून दोन-चार दिवस वाट बघा. गंज चढतो आणि पाणी साधारण पाचव्या भागापर्यंत येऊन थांबतं. वेळ लागतो, पण पुरावा खरा आहे.

दुसरा पुरावा आपल्या ख्रिस्ती शिक्षकांचा लाडका. पाण्याचं असंगत आचरण शिकवताना म्हणायचं, "बघा, बर्फ पाण्यावर तरंगतो म्हणून तळ्यातले मासे जगतात. हे देवानंच केलं, यावरून देव आहे हे सिद्ध होतं." बर्फ तरंगतो हे खरं, मासे जगतात हेही खरं, आणि ते पाहून माझं मन कृतज्ञतेनं भरून येतं हेही खरं. पण ते सिद्धता म्हणून मांडू नका. बिस्मथ आणि गॅलियमसुद्धा गोठताना प्रसरण पावतात, त्यांच्या द्रवावरही त्यांचा घन तरंगतो. बर्फाचं कारण हायड्रोजन बंधांत आहे, आणि ते कारण शिकवणं हे आपलं काम. ते सोडून मधेच देवाचं नाव घेतलं तर मूल एवढंच शिकतं की जिथे बाईंना कारण ठाऊक नाही तिथे देव असतो. पुढे कॉलेजात कारण समजलं की देवाची जागा गेली. चार्ल्स कूलसन हे ऑक्सफर्डचे नावाजलेले सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ मेथडिस्ट चर्चमध्ये उपदेशही करत. विज्ञानाच्या फटींमध्ये देव बसवू नका, हे त्यांनी गेल्या शतकात परोपरीनं सांगितलं. सेंद्रिय पदार्थ केवळ 'प्राणशक्ती'नं तयार होतात असं एके काळी मानत, आणि 1828 साली व्होलरनं प्रयोगशाळेत युरिया बनवला. ज्यांनी आपली श्रद्धा प्राणशक्तीवर टांगली असेल त्यांचं त्या दिवशी नुकसान झालं. सृष्टिकर्त्याचं काही गेलं नाही.

पृथ्वीच्या वयाचा प्रश्न येणारच. जुन्या अवशेषांचं वय काढायला वापरतात त्या कार्बन-14 चा अर्धायुष्यकाल 5,730 वर्षं, त्यामुळे पन्नासेक हजार वर्षांपलीकडे तो कामाचा नाही. पृथ्वीचं साडेचार अब्ज वर्षांचं वय युरेनियम आणि शिशाच्या समस्थानिकांवरून काढलेलं आहे. सरळ सांगा. कुणाच्या घरी बायबलावरून पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं असं शिकवत असतील तर त्या घराविषयी वर्गात वाकडा शब्द नको, आणि आकडा गुळमुळीतही नको.

शास्त्रज्ञांच्या गोष्टी जरूर सांगा, पण यादी करून 'हे सगळे आपले' असं नको. फॅरेडे एका लहानशा, कडक शिस्तीच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील (एल्डर) होता. विद्युत अपघटन शिकवताना अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द येतात. ते त्यानं 1834 मध्ये रूढ केले, आणि त्यासाठी त्याला शब्द सुचवणारा विल्यम ह्यूवेल हा अँग्लिकन धर्मगुरू होता. हे मुलांना आवडतं. प्रीस्टली तर धर्मोपदेशकच. 1774 मध्ये त्यानं पाऱ्याच्या भस्मातून ऑक्सिजन मिळवला, पण मरेपर्यंत फ्लॉजिस्टनचा, म्हणजे जळताना पदार्थातून एक द्रव्य बाहेर पडतं असा, चुकीचा सिद्धांत सोडला नाही. आणि 1791 मध्ये त्याचं घर आणि प्रयोगशाळा जाळली ती चर्च आणि राजाच्या नावानं घोषणा देणाऱ्या जमावानं. हेही सांगायला हवं.

फ्रिट्झ हाबरला मी एक पूर्ण तास देते. अमोनियाचं संश्लेषण: लोहाचा उत्प्रेरक, साधारण 450 अंश तापमान, दोनशे वातावरणांच्या आसपास दाब. आज शेतकरी शेतात टाकतो तो युरिया याच वाटेनं येतो. त्याच माणसाच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्र इथे शत्रूच्या सैनिकांवर विषारी क्लोरीन वायू सोडला गेला. हाबर ज्यू घरात जन्मला आणि तरुणपणी त्यानं बाप्तिस्मा घेतला होता. मी हे लपवत नाही. नोंदवहीत 'ख्रिस्ती' लिहिलं म्हणून हात आपोआप स्वच्छ राहत नाहीत, हे आपल्या मुलांना आपणच सांगितलं पाहिजे. त्याच्या जोडीला भोपाळ. 2 डिसेंबर 1984, रविवार, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. रात्री तिथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातल्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकी गार ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. दर डिसेंबरात मी वर्गात मिथिल आयसोसायनेटची पाण्याशी होणारी उष्मादायी अभिक्रिया फळ्यावर मांडते आणि काय काय बंद होतं ते खाली लिहिते. त्यावर भाष्य करत नाही. मुलं बराच वेळ गप्प असतात.

आणि बेसिन. आपल्या बेसिनमधलं पाणी शेवटी मुळा-मुठेला मिळतं. एदेन बागेत माणसाला ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, असं बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, आणि आपण लेड नायट्रेट ओतून मोकळे होतो. लेड आयोडाइडचा पिवळा अवक्षेप सुंदर दिसतो, पण शाळेत तो प्रयोग मी बंद केला. मोरचुदाचं उरलेलं द्रावण एका बरणीत साठवते आणि वर्षाअखेर मुलांकडूनच त्यात लोखंडी खिळे टाकवते. निळा रंग जातो, तांबं खिळ्यांवर बसतं, विस्थापन अभिक्रियेची उजळणीही होते. परीक्षानळीत पाच मिलिलीटरऐवजी दहा थेंब घेतले तरी रंग तेवढाच स्पष्ट दिसतो.

संस्थेला काय सांगायचं? जे करता तेच सांगा: जर्नलात खोडाखोड नाही, चुकीचे पुरावे शिकवत नाही, शिसं आणि क्रोमियम बेसिनमध्ये जात नाही. बैठकीत कुणाला हे अपुरं वाटेल. फळ्यावरचं वचन फोटोत दिसतं, खरं रीडिंग दिसत नाही.

तुमची परीक्षा मात्र प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी तेव्हा होते त्या शाळेत, मला सुचवलं गेलं की दहावीच्या मुलांची रीडिंगं 'नीट करून घ्या', सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले पाहिजेत. मी नाही म्हटलं. तीन मुलांचे गुण कमी झाले. त्यातल्या एकाचे वडील शाळेत आले. कामाचा खाडा करून आले होते. मी मुलाचं जर्नल उघडलं, त्यानं प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा दाखवला, त्याखाली त्यानं स्वतः शोधलेलं कारण दाखवलं, आणि मुलगा चांगला शिकतोय हे सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. मग विचारलं, "पण बाई, दोन मार्क गेले ना त्याचे?"

मी म्हटलं, हो, गेले.